बेसूर अंगठा

चाचा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी वाजवायचे. नवा हातोडा असो, बाजारातलं कलिंगड असो, चहाचा कप असो, बोटाच्या पेरानं टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. "ह्यात भेग हाय." बघणाऱ्याला भेग दिसायची नाही. पण चार दिवसांनी कप कानापाशी तडकायचाच. मग आपा, म्हणजे त्यांची थोरली बहीण, ओरडायची, "तू बोललास म्हणून फुटला तो! गप बसला असतास तर अजून वर्षभर चालला असता."

सवय घराण्याची होती. मिरजेच्या ज्या गल्लीत तंबोरे घडतात, त्या गल्लीतलं हे घर. आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, ओसरीत रंधा आणि लाखेचा वास, आणि दिवसभर कोणी ना कोणी तार लावत बसलेलं. चाचांचे दोघे भाऊ तेच करायचे. चाचांचा कान त्या दोघांपेक्षा तयार, असं भाऊच सांगायचे. पण चाचांनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आणि एक भोक पाडायचं मशीन आणून बसवलं आणि तंबोऱ्याला हात लावायचं सोडलं. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तंबोरा लय गुणी, गड्या. पर जागचा हलत न्हाई. मला हलणारी चीज पायजे."

मी माण तालुक्यातला. सातवीत शाळा सुटली. पुढं कडबा तोडायच्या यंत्रात डावा हात गेला, म्हणजे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, मधलं अर्धं राहिलं. एकोणिसाव्या वर्षी कामाला म्हणून सांगलीला उतरलो. तीन कारखान्यांत हात खिशात घालून उभा राहिलो आणि तिन्ही ठिकाणी हात बाहेर काढल्यावर "बघू, कळवू" झालं. चौथ्या दिवशी कुणीतरी मिरजेच्या चाचांचं नाव सांगितलं.

चाचांनी आधी माझी पत्र्याची ट्रंक वाजवली.

"रिकामी हाय."

"व्हय."

"मग भरायला जागा हाय. ऱ्हा." मग माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "बोटं किती?"

"साडेसात."

"पुष्कळ झाली. माझी धाची धा एकमेकांच्या आडवी येत्यात."

एवढ्यावर मला काम मिळालं. आज इथं कोइमतूरला, पंपांच्या कारखान्यात उभा जन्म काढून झाल्यावर, लोक विचारतात की तुमचं शिक्षण कुठं झालं. मी मिरज म्हणतो. ते कॉलेज समजतात आणि मीही खुलासा करत नाही.

काम असं होतं. औषध फवारायच्या पंपांना पितळी तोट्या लागतात, बोटाच्या पेराएवढ्या. साताऱ्याला एका निवृत्त सुभेदारांनी पंपांचा छोटा कारखाना काढला होता, त्यांच्या तोट्या आमच्याकडं व्हायच्या. तोटी कानशीनं घासायची, मग डाव्या हातात घट्ट धरून उजव्यानं मशीनचा दांडा खाली ओढायचा, की भोक पडायचं. माझा डावा हात घट्ट कसला धरतोय! तोटी फिरायची, निसटायची आणि आपाच्या कोंबड्यांत जाऊन पडायची. दहातल्या चार वाया. चाचा मला कधी बोलले नाहीत. वाया गेलेली तोटी उचलायचे, टक् करून वाजवायचे आणि मोडीच्या डब्यात टाकायचे. त्या 'टक्'ची मला जी धास्ती होती ती शिव्यांची कधी वाटली नसती. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या. शेळ्या होत्या, पण शेळ्यांना पाला नव्हता. आईनं सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं, माझा ल्योक मिरजेला मशिनीवर हाय. पण काम कधी सुटेल ह्याचा नेम नव्हता, म्हणून मी ट्रंक कधी पुरती उपसलीच नाही. कपडे घडी घालून तिच्यातच ठेवायचे. निघावं लागलं तर वेळ नको जायला.

अशात चाचांनी न्हाव्याच्या दुकानातनं एक जुनं साप्ताहिक उचलून आणलं. त्यात परदेशातल्या लोखंडी माणसाचं चित्र होतं. हात आहेत, पाय आहेत, सांगितलेलं काम करतो म्हणे. चाचांनी ते चित्र जेवताना ताटाशेजारी ठेवलं. आपा म्हणाली, "ह्याला पण वाढू काय?"

"लोखंडाचा कशाला केलाय?" चाचा स्वतःशीच बोलत होते. "वजनानंच दमंल बिचारा. पत्र्याचा करायचा."

महिन्याभरात शेडमध्ये तो उभा राहिला. रॉकेलच्या डब्यांचं धड, सायकलच्या साखळीवर हलणारा एकच हात, लेथच्या पट्ट्यावरून त्याला गती, आणि खाली पायानं दाबायची पट्टी. पट्टी दाबली की हात पुढं व्हायचा, सोडली की मागं. आणि डोक्याच्या जागी भावांनी भेग पडली म्हणून बाजूला टाकलेला तंबोऱ्याचा भोपळा.

"चाचा, डोकं कशाला? त्याचा काय उपेग?"

"डोकं नसलं तर लोक त्याला मशीन म्हंत्याल."

"मग काय म्हणायचं?"

"सध्या पाव्हणा म्हण. तेल पितोय न् बसून ऱ्हातोय."

इथपर्यंत मजाच होती. पण मग चाचा माझ्याकडं बघायला लागले. मी काम करत असलो की समोर येऊन उभे राहायचे आणि माझ्या डाव्या हातावर डोळे लावायचे. दोरा घेऊन जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंतचं माप घेतलं. खांद्यापासून मशीनपर्यंतचं घेतलं. एकदा तर मला जागेवर उभं करून माझ्या दोन्ही पावलांभोवती कोळशानं रेघ ओढली. "काय करताय?" म्हटलं तर, "सरळ उभा ऱ्हा." काम करताना चाचांचं बोलणं एवढंच.

मला काय ते कळलं. माझं काम माझ्याकडनं शिकून पाव्हण्याला शिकवायचं चाललेलं. पाव्हण्याची बोटं काही साडेसात असणार नव्हती.

पण पाव्हणा शिकेना. त्याच्या पंजाला पाच बोटं होती, पोलादी पट्ट्यांची, सांधे असलेली. प्रत्येक बोट एका तारेनं ओढलं जायचं, आणि ती तार खरोखरची तंबोऱ्याची. पाची तारा छातीवरच्या पाच लाकडी खुंट्यांना. खुंटी पिळली की बोट घट्ट, सैल केली की बोट ढिलं. त्या वेळी असली कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली असेल असं मला वाटत नाही, आणि सुचलीच तर ती तंबोऱ्याच्याच घरात सुचणार. पण पंजा एक तर वस्तू पाडायचा, नाही तर चिरडायचा. मधलं त्याला येतच नव्हतं.

परीक्षा अंड्यावर. "पितळ सोसतं," चाचा म्हणायचे. "अंडं खोटं बोलत न्हाई." अंडी आपाच्या कोंबड्यांची. पाव्हणा अंडं उचलायचा, कच्च करून आवाज यायचा, पिवळा बलक पत्र्यावरनं ओघळायचा, आणि आपा खाली वाटी धरून तयार. दोन वेळा आम्लेट.

"आज पाव्हण्यानं किती फोडली?" आपा विचारायची. "माझ्या कोंबड्या त्याला बघून अंगण सोडाय लागल्यात. परवा एक तर शेजारच्यांत जाऊन बसली."

चूक कुठं होती ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चाचा खुंट्या पिळताना तार छेडायचे, ऐकायचे, पुन्हा पिळायचे. त्यांचा कान बेसूर तार सोडायलाच तयार नव्हता. जन्मभराची सवय. पाची तारा सुरात लागल्या की शेड गोड घुमायची, चाचा डोळे मिटायचे, "आता हात हातासारखा वागंल" म्हणायचे, आणि कच्च. बाहेर ओसरीवर त्यांचे भाऊ माना डोलवायचे. तारा एवढ्या छान लागलेल्या असायच्या.

आता ज्यानं शेळीची धार काढलीय त्याला विचारा. हात कधी एकदम मिटत नाही. आधी वरचं बोट मिटतं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं. अंगठा नुसता टेकून असतो. अंगठ्यानं जोर केला की शेळी लाथ मारते. माझी बोटं गेल्यावर मी हे सगळं नव्यानं शिकलो होतो, अडीच बोटांत, त्यामुळं मला ते कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पाव्हण्याची पाची बोटं एका दमात मिटत होती आणि अंगठा सगळ्यात घट्ट होता.

आणि मी गप्प बसलो.

लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. ज्या दिवशी पाव्हणा अंडं धरणार त्या दिवशी तो तोटी धरणार, आणि ज्या दिवशी तोटी धरणार त्या दिवशी माझी ट्रंक उचलायची. सहा दिवस मी तोंड उघडलं नाही. वर ती आम्लेटंही खाल्ली. आपा "खा रं, तुझ्या अंगाला मास न्हाई" म्हणत आणखी वाढायची.

सातव्या दिवशी चाचांना वाटलं, पंजाचा जोर आपल्या अंगावरच बघावा. त्यांनी त्या पोलादी बोटांत स्वतःचा अंगठा दिला आणि पायानं पट्टी दाबली. आवाज आला. मोठा नव्हता, पण तो आवाज मी आधी एकदा ऐकलेला होता, माझ्याच हाताचा. चाचांनी अंगठा काढला. नख काळंनिळं झालेलं. त्यांनी ते झटकलं, "उजवीकडनं जास्त ओढतोय वाटतं" म्हणाले, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आत घालायला निघाले.

"न्हाई!" मी ओरडलो. त्यांचं मनगटच धरलं. "चाचा, तुमी कवा शेळीची धार काढलीया का?"

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "आमच्या घरात भोपळ्याबिगर काय पाळत न्हाईत."

मी त्यांचं बोट माझ्या अर्ध्या पंजात धरलं आणि धार काढून दाखवली. आधी वरचं, मग खालचं, अंगठा नुसता टेकलेला. चाचांनी डोळे मिटले. ऐकायला मिटायचे तसेच.

"पुन्ना."

पुन्हा दाखवली.

"पुन्ना." मग डोळे उघडून म्हणाले, "खुंट्या तू पिळ."

मला सूर कळत नाही. भजनातसुद्धा आईच मला टाळ देऊ नका म्हणायची. मी हातानं ओढून बघत गेलो. पहिलं बोट जरा घट्ट, दुसरं त्याहून कमी, तिसरं आणखी कमी, म्हणजे ती मागनं मिटतील. आणि अंगठ्याची खुंटी सैल करत करत इतकी आणली की तार छेडली तर भद् भद् वाजायची. प्रत्येक खुंटीला चाचा दाढ दुखल्यासारखं तोंड करत होते.

"लय बेसूर हाय रं."

"व्हय."

"अशीच ऱ्हाऊ दे म्हंतोस?"

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पट्टी दाबली. हात पुढं झाला. एक बोट मिटलं, दुसरं मिटलं, मग बाकीची, आणि अंगठा येऊन हलकेच टेकला. हात वर गेला. अंडं त्याच्या हातात होतं. आम्ही तिथंच उभे. हात खाली आला, बोटं उघडली, अंडं टोपलीत. अख्खं.

दारात आपा कढई घेऊन उभी. "फुटलं न्हाई? आता मी काय करू? तेल तापलंय माझं."

चाचा गल्लीत धावले. ओसरीवरच्या भावांना, समोरच्या लाखवाल्याला, रस्त्यानं चाललेल्या पोस्टमनला धरून आणलं. एकेकाला अंडं उचलून दाखवलं. आणि प्रत्येकाला माझ्याकडं बोट करून सांगितलं, "शोध ह्यानं लावला. मी नुसत्या तारा लावल्या. त्यापण चुकीच्या." माझ्या पाठीवर एवढ्या थापा त्याआधी कधी पडल्या नव्हत्या, नंतरही नाहीत.

"आजपास्नं ह्यो पाव्हणा न्हवं," चाचा म्हणाले. "ह्यो आपला गडी."

मी आत जाऊन दोरीवरचे कपडे काढले, ट्रंकेत घातले आणि कुलूप लावलं.

सुभेदारांना कार्ड गेलं, आणि घेऊन या, बघू, असं उत्तर आलं. आम्ही एस.टी.नं साताऱ्याला निघालो. गड्याचं धड आपाच्या जुन्या गोधडीत गुंडाळून टपावर बांधलं, डोकं माझ्या मांडीवर. माझ्याबरोबर ट्रंक पण होती. साताऱ्याहून दहिवडीची गाडी मिळते, उगाच मिरजेला परत येऊन निरोप घ्यायला नको, असा माझा हिशेब. चाचांनी निघताना ट्रंक वाजवली. "भरल्याली हाय," म्हणाले.

कंडक्टरनं भोपळ्याकडं बघितलं. "ह्ये काय?"

"डोकं," चाचा म्हणाले.

"कुणाचं?"

"गड्याचं."

"आन् गडी?"

"टपावर झोपलाय."

कंडक्टरनं आमचं तिकीट फाडलं आणि साताऱ्यापर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही. उंब्रजला गाडी चहाला थांबली. खाली उतरून बघतो तर टपावरची ती लांबडी गोधडी बघून दोन म्हाताऱ्यांनी मुंडाशी काढून हातात घेतलेली. एकानं हळूच मला विचारलं, "तुमचं कोन हुतं?" चाचांना खोकला लागला इतके हसले. मीही हसलो. आणि मग आठवलं की आपण आपल्याच जागेवर बसणाऱ्याला पोचवायला चाललोय.

सुभेदार भल्या थोरल्या मिशांचे, हातात छडी. भोपळ्याला त्यांनी आधी कडक सॅल्यूट ठोकला. चाचांनी गडी भोकाच्या मशीनशेजारी बसवला, पट्टा जोडला, दोऱ्यानं मापं काढून फरशीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. गड्यानं ताटलीतली तोटी उचलून दाखवली तसे सुभेदार छडी काखेत मारून म्हणाले, "कमाल है! मग मिस्त्री, समजा दोन जवान कमी झाले माझे?"

मी खाली बघत होतो. चाचा म्हणाले, "लावून बघा की."

सुभेदारांचा एक उंच, धट्टाकट्टा कामगार मशीनपुढं उभा राहिला. पट्टी दाबली. गड्याचा हात तोटी घेऊन आला आणि नेमका त्याच्या डाव्या मनगटावर आदळला. तो सरकून उभा राहिला. पुन्हा आदळला.

"आवं, ह्यो माझ्या हाताच्या जागंवरच येतोय की! मी माझा हात ठिवू कुठं?"

"येनारच," चाचा म्हणाले. "जितं हात न्हाई, तितंच जायला शिकवलाय त्याला." आणि माझ्याकडं वळून, "ये रं. रेघंत पाय ठिव."

मी कोळशाच्या रेघांत पाय ठेवले. बरोब्बर बसले. गड्याचं कोपर माझ्या कोपराला लागून आलं. चाचा सहा फुटी माणूस, मी त्यांच्या खांद्याला लागायचो, आणि गडी माझ्या उंचीचा होता. इतके दिवस मी ते बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. पट्टी दाबली. तोटी आली आणि जिथं माझी अडीच बोटं असायला हवी होती तिथं येऊन घट्ट थांबली. मी दांडा ओढला. भोक पडलं. दुसरी. तिसरी. एकही निसटली नाही. चाचांनी एक तोटी उचलली, टक् केली, ऐकली, आणि सुभेदारांच्या हातात दिली.

"विकायचा न्हाई म्हणा की," सुभेदार म्हणाले.

"ह्याचा डावा हात मी कसा विकू? तुमाला दुसरा करून देतो. मानूस दावा, माप घेतो."

सुभेदारांनी छडी काखेतनं काढून टेबलावर ठेवली. "आमच्या पलटणीतले दोघं हायेत," ते म्हणाले. "एक कोरेगावला, एक वाईला. नुसते घरी बसून असतात." पुढं त्या दोघांचे गडी झाले, आणखीही झाले. प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकाला डोकं भोपळ्याचंच.

साताऱ्याच्या स्टँडवर दहिवडीची गाडी लागलेली होती. चाचांनी माझ्या ट्रंकेकडं बघितलं. "ही कशाला वागवतोयस सकाळधरनं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, ते सहा दिवस गप्प बसल्याचंसुद्धा.

चाचा खरंच चकित झाले होते. "तुला म्हाईत न्हवतं? दोन महिनं दोरा घिऊन तुझ्यामागं फिरतोय, तुझ्या पायाभवती कोळसा वढतोय, ती मापं कुणाची समजलास? भोपळ्याची?" मग ट्रंक वाजवली, जरा विचार केला आणि म्हणाले, "सहा दिवसांचं आपाला सांगू नगंस. अंड्यांचं तिला लय लागलंय."

आम्ही मिरजेची गाडी पकडली. त्या दिवशी मी ट्रंक उपसली, कपडे फळीवर मांडले आणि रिकामी ट्रंक आपाला दिली. तिनं त्यात कोंबडी बसवली.

आणखी एकच सांगतो. गड्याचा हात हलला की त्याच्या तारा घुमायच्या, आणि त्यात अंगठ्याची ती एक तार भद् भद् करायची. दिवसभर. चाचांच्या कानाला ते काय होत असेल ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. एकदा एक नामांकित गवई ओसरीवर तंबोरा घ्यायला आलेले. मी आत काम करत होतो. बोवा तार छेडता छेडता थांबले, कान टवकारला आणि तोंड वाकडं करून परसाकडं बोलले, "मिस्त्री, आत तुमची एक तार उतरलीय हो!"

लेथवर वाकलेल्या चाचांनी मानही वर केली नाही.

"उतरल्याली न्हाई बोवा, तितंच लावलीया," ते म्हणाले. "ती तार आमच्या पोराची हाय."